टीप कुणाच्या खिशात?

मुलांनो, आज एक गणित घालतो. घाबरू नका, वही काढायची नाही, तोंडीच आहे.

कंपनीने एका माणसाला सांगितले, "हे जेवण पोहोचव, या फेरीचे तुला किमान १० डॉलर मिळतील." त्याने पोहोचवले. गिऱ्हाईक खूश झाले आणि वर ३ डॉलर बक्षीस दिले. तर त्याला एकूण किती मिळाले?

आमचा चौथीचा वर्ग एका सुरात ओरडला, "तेरा!"

चूक. दहाच!

अमेरिकेत डोअरडॅश नावाची कंपनी आहे. २०१७ ते २०१९ या काळात तिचा हिशेब असाच चाले. गिऱ्हाइकाचे ३ डॉलर आले, की कंपनी आपल्या पदरचे सातच घालायची. दहा कबूल केले होते ना, मग झाले की दहा! म्हणजे बक्षीस दिले जेवण आणणाऱ्याला आणि पैसे वाचले कंपनीचे. देणाऱ्याला याचा पत्ताच नाही. २०१९ मध्ये वर्तमानपत्रातून बोभाटा झाला, तेव्हा कुठे ही पद्धत बदलली. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्क राज्याशी तडजोड झाली आणि १ कोटी ६७ लाख ५० हजार डॉलर द्यायचे कंपनीने मान्य केले.

आता तुम्ही म्हणाल, सर एवढ्या लांब कशाला गेले? तर गेल्या पावसाळ्यात मी नगरला, सावेडीत मेहुण्यांकडे गेलो होतो. रात्री बेल वाजली. दारात रेनकोटमधून पाणी निथळणारा मुलगा, हातात पिशवी.

"सर, तुम्ही इथं?"

माझाच विद्यार्थी! चौथीत असताना पाढ्यांना एकदम पक्का. मी २० रुपये पुढे केले, तर घेईना. "सरांकडून कसं घेऊ?" शेवटी चहाला म्हणून खिशात कोंबले. मग विचारले, "ॲपवर देतात ती टीप तुला मिळते का रे?"

"मिळते की. पण देतंय कोण?"

पोरगा खरे बोलत होता. झोमॅटोचे संस्थापक दीपिंदर गोयल यांनी जानेवारी २०२६ मध्ये २०२५ सालचे आकडे सांगितले. टीप पूर्णपणे आणून देणाऱ्यालाच मिळते, असे ते म्हणाले. पण शंभरातल्या साधारण पाचच ऑर्डरींवर लोक टीप देतात. टीप सोडून तासाची सरासरी कमाई १०२ रुपये, आणि टीप तासाला फक्त २ रुपये ६० पैसे!

करा हिशेब. रोज १० तास, महिन्याचे २६ दिवस. १०२ गुणिले २६० म्हणजे २६,५२० रुपये. यातला पाचवा हिस्सा पेट्रोल आणि गाडीच्या देखभालीला धरला, तर उरतात २१,२१६. गाडी स्वतःची, मोबाइल स्वतःचा. आजारी पडून घरी बसले, तर त्या दिवशी फेरी नाही आणि पैसेही नाहीत. (पालकांनो, 'पार्टनर' म्हणजे पगारी नोकर नव्हे, हे जाहिरातीत ठळक दिसत नाही.) नाही म्हणायला, २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. अशा कामगारांच्या सुरक्षेसाठी कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम द्यायची, असे त्यात आहे.

जेवण पोहोचवण्याचे काम आपल्या जिल्ह्याला नवे नाही बरं का! मुंबईचे डबेवाले मुख्यतः जुन्नर, आंबेगाव, खेड या भागांतले, तसेच आपल्या अकोले आणि संगमनेरचेही. १८९० पासून त्यांचे काम चालू आहे. त्यांची रीत मला फार आवडते. गटाची कमाई एकत्र करायची, खर्च वजा करायचा आणि उरलेले सारखे वाटून घ्यायचे. शिवाय दिवाळीला गिऱ्हाइकाकडून एका महिन्याचे जादा पैसे, बोनस म्हणून. ते कुणाच्या मर्जीवर सोडलेले नाही, रिवाजच आहे.

त्या रात्री माझे बोलणे चालूच होते, तेवढ्यात पोराचा मोबाइल वाजला. पुढची ऑर्डर! दोन पायऱ्या उतरून तो थांबला.

"सर, तोंडी गणितं अजून घेता का?"

"घेतो की. रोज सकाळी."

"घ्या, घ्या. रात्री ॲपवरचा आकडा जुळवून बघायला तीच लागतात," असे म्हणून तो भर पावसात गाडीला किक मारू लागला.