उंदराच्या नाकावरची चामखीळ
खांदा कॉलनीवाल्यांनो, खांदेश्वरहून वाशीकडे लोकल पकडली की दुसरं स्टेशन खारघर. तिथल्या टाटा मेमोरियलच्या 'ॲक्ट्रेक' केंद्रात बिनकेसांच्या, प्रतिकारशक्ती कमी असलेल्या उंदरांच्या नाकातोंडापाशी चामखिळी दिसल्या. आपण म्हटलं असतं, उंदीरच तो, जाऊ दे! डॉ. अरविंद इंगळे आणि अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी मात्र त्या तपासल्या. २०११ मध्ये जगाला कळलं: हा उंदरांचाच पॅपिलोमा विषाणू.

त्यात काय एवढं? गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवणारा आपला एचपीव्ही उंदरांना लागतच नाही. म्हणून शास्त्रज्ञ त्याची जनुकं उंदरांत घालून कॅन्सर अभ्यासायचे. पण खरा संसर्ग कसा रुजतो, शरीर तो कसा परतवतं, हे दिसायचं नाही. आता दिसतं. लस संसर्गाआधी घ्यायची असते (मुलग्यांनो, तुम्हीसुद्धा). आधीच झालेला संसर्ग तिने जात नाही. तो घालवायचे प्रयोग आता याच विषाणूवर चालतात.