मेमरी वाढविण्यापूर्वी ‘बिट’ तपासा

नागपूर (प्रतिनिधी) : घरचा संगणक मंदावला, की रॅम वाढविण्याचा सल्ला हमखास मिळतो. धंतोलीकरांना सीताबर्डीची बाजारपेठ हाकेच्या अंतरावर. रॅमची पट्टी आणून बसविणे फारसे अवघड नाही. मात्र ८ जीबी रॅम बसवूनही पडद्यावर जेमतेम सव्वातीन जीबी वापरण्याजोगी दिसली, की फसवणुकीचा संशय येतो. अशा वेळी दोष पट्टीचा नसून बहुधा विंडोजच्या आवृत्तीचा असतो.

मेमरीतील प्रत्येक बाइटला संगणक एक क्रमांक देतो. ३२-बिट विंडोजच्या घरगुती आवृत्तीत असे सुमारे ४२९ कोटी, म्हणजे ४ जीबीपुरतेच क्रमांक उपलब्ध असतात. त्यांतील काही ग्राफिक्स कार्डासारख्या भागांसाठी राखीव राहतात. त्यामुळे प्रत्यक्षात ३ ते साडेतीन जीबीच हाती लागते. ६४-बिट विंडोज १० होम मात्र १२८ जीबीपर्यंत रॅम वापरू शकते.

विंडोज १० मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘अबाउट’ या क्रमाने गेल्यास ‘सिस्टिम टाइप’ दिसतो. तेथे ऑपरेटिंग सिस्टिम ३२-बिट, पण प्रोसेसर ‘एक्स-६४’ असेल, तर ६४-बिट आवृत्ती बसविता येते. रॅम ४ जीबी वा अधिक असल्यास तीच निवडावी. २ जीबी वा त्याहून कमी रॅमवर ३२-बिट आवृत्ती तुलनेने हलकी चालते.

हा बदल करताना विंडोज नव्याने बसवावे लागते. त्यामुळे छायाचित्रे व कागदपत्रांची प्रत आधी बाहेरच्या डिस्कवर घेणे अत्यावश्यक आहे. विंडोज १० च्या त्याच आवृत्तीचा परवाना दोन्ही प्रकारांना चालतो. जुन्या प्रिंटरचा ६४-बिट ड्रायव्हर मिळतो की नाही, तेही पाहावे.

सुरक्षेचा प्रश्न याहून गंभीर आहे. विंडोज ७ चे सर्वसाधारण पाठबळ १४ जानेवारी २०२० रोजी, तर विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ केवळ ६४-बिट असून तिला किमान ४ जीबी रॅम, टीपीएम २.० आणि मान्य यादीतील प्रोसेसर लागतो. ही अट पूर्ण न करणाऱ्या ६४-बिट संगणकासाठी लिनक्स मिंट हा मोफत पर्याय आहे. त्यास किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असल्यास उत्तम.

आधी बिट, मग मदरबोर्डला चालणारा रॅमचा प्रकार आणि शेवटी खरेदी, हा क्रम पाळल्यास पैसे वाया जाणार नाहीत.