कुलूपबंद डिस्क – भाग ७ : लेबलवरची बत्तीस अक्षरं

संगणक सुरू होण्याआधी पासवर्ड विचारणारा प्री-बूटचा पडदा कसा बसवायचा, हे या आठवड्यात सांगायचं ठरलं होतं. ते एक आठवडा पुढे जाईल. दापोलीहून आलेल्या एका प्रश्नाने वाट अडवली आहे आणि त्याचं उत्तर ठाऊक असल्याशिवाय कुणीही डिस्कला पासवर्ड लावूच नये.

प्रश्न विचारणारे गृहस्थ सेवा केंद्र चालवतात. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डाचे अर्ज अशी सगळी कामं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून त्यांनी एक वापरलेली एसएसडी आणली, कुठल्याशा कंपनीच्या ऑफिसातून निघालेली. संगणकाला लावली तर डिस्क दिसते, मॉडेलचं नाव दिसतं, क्षमताही बरोबर येते. पण फॉरमॅट करायला गेलं की एरर. दुसऱ्या संगणकावरही तेच. गावातल्या दुरुस्तीवाल्याने सांगितलं, डिस्क गेली, टाकून द्या.

डिस्क ठणठणीत आहे. तिला आधीच्या मालकाचं कुलूप तसंच राहिलं आहे. सेडयुटिल या डिस्कची कुलपं हाताळणाऱ्या प्रोग्रॅमने तिची चौकशी केली की ‘लॉक्ड’ या शब्दापुढे ‘वाय’ हे अक्षर येतं, आणि निदान तिथेच संपतं. असं कुलूप मागे राहण्याला एक जुनं कारण आहे. विंडोज ८ पासून बिटलॉकर हा विंडोजचा कूटलेखक सुरू केला की, डिस्क त्या तोडीची असेल तर, कूटलेखनाचं काम तो डिस्कवरच सोपवत असे. वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसे. सप्टेंबर २०१९ च्या अपडेटनंतर मायक्रोसॉफ्टने हा रिवाज बदलला. त्याआधी बसवलेल्या कितीतरी डिस्का ऑफिसांतून मोडीत निघाल्या, पण कुलूप काढण्याची आठवण सगळ्यांना झाली नाही.

अशा डिस्कची सुटका तिच्याच अंगावर छापलेली असते. लेबलावर बारीक अक्षरांत ‘पीएसआयडी’ असं लिहून पुढे बत्तीस अक्षर-आकड्यांची ओळ असते. हा क्रमांक कुठल्याही सॉफ्टवेअरने डिस्कमधून वाचता येत नाही. तो फक्त डोळ्यांनी वाचायचा. ज्याच्या हातात डिस्क, त्यालाच तो कळावा, हाच त्यामागचा हेतू.

तो देऊन, आतला सगळा मजकूर पुसून, डिस्क मूळपदावर आणता येते. सॅमसंगच्या मॅजिशियनमध्ये आणि क्रूशलच्या स्टोरेज एक्झिक्युटिव्हमध्ये त्यासाठी ‘पीएसआयडी रिव्हर्ट’ नावाची सोय आहे. सेडयुटिलच्या लेखकांनी मात्र या आज्ञेचं नाव मुद्दाम लांबलचक ठेवलं : ‘येसआयरिअलीवॉन्टटूइरेजऑलमायडेटायुझिंगदपीएसआयडी’, सगळं सलग, मध्ये जागा न सोडता. एवढं टाइप करेपर्यंत माणूस दोनदा विचार करतो. संगणकाच्या आज्ञांमध्ये इतकं शहाणं नाव क्वचितच सापडेल. दोन गोष्टी सांभाळाव्यात. डिस्क थेट मदरबोर्डला जोडावी, कारण यूएसबीच्या बऱ्याच डब्या या आज्ञा पुढे जाऊच देत नाहीत. आणि शून्य की ओ, एक की आय, हे भिंगाखाली पाहून घ्यावं.

रिव्हर्ट काही क्षणांत पुरा होतो, डिस्क एक टीबीची असली तरी. नियमित वाचकांच्या ध्यानात कारण आलंच असेल : सगळा मजकूर ज्या आतल्या किल्लीने कूटबद्ध केलेला असतो ती फेकून डिस्क नवी बनवते, जुना मजकूर जागच्या जागी निरर्थक होतो. तीच डिस्क शून्यांनी भरायची म्हटली, तर सेकंदाला ५०० एमबीच्या वेगाने अर्ध्या तासाहून जास्त वेळ जातो, आणि एसएसडीने राखून ठेवलेल्या जागेत राहिलेले तुकडे त्यातूनही सुटतात. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेने डिस्क साफ करण्याबद्दल २०१४ साली जी सुधारित मार्गदर्शिका काढली, तिनेही किल्ली नष्ट करण्याची ही रीत मान्य केली आहे. अट एवढीच की डिस्कमधलं कूटलेखन खरं असावं. नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये काही मॉडेलांत ते कसं कच्चं निघालं हे दाखवलं. त्यावर स्वतंत्र भाग येणार आहे.

मग याच गृहस्थांचा पुढचा प्रश्न : लेबल वाचून कुणीही डिस्क उघडू शकत असेल, तर कुलपाचा उपयोग काय? उघडता येत नाही, पुसता येते. चोराला डिस्क वापरायला मिळेल, पण तिच्यातली एकही आधारची प्रत हाती लागणार नाही. कुलूप मजकुराचं रक्षण करतं, वस्तूचं नाही. आणि रागावलेला नोकरही पाच मिनिटांत सगळं पुसू शकतो, तेव्हा बॅकअप दुसऱ्या इमारतीत हवाच.

आता लेबलाबद्दल, कारण कोकणात खरा धोका तिथेच आहे. दापोलीत वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पावसाळ्यात कपाटातल्या वह्यांना बुरशी धरते, तिथे डिस्कवरच्या कागदाची काय कथा! ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगडमधली हजारो छपरं उडाली; भिजलेल्या संगणकातली डिस्क वाळवून पुन्हा चालेलही, पण लेबलावरची शाई धुऊन गेली तर ती बत्तीस अक्षरं परत मिळत नाहीत. बोटभर लांबीच्या एम.२ डिस्कवर आणखी एक गोम आहे : उष्णता शोषणारं चिकट पॅड काढताना लेबलही त्यासोबत सोलून निघतं.

म्हणून डिस्क बसवण्याआधी लेबलाचा स्पष्ट फोटो काढावा, ती अक्षरं वहीत हाताने उतरवावीत आणि ती वही संगणकाच्या खोलीत ठेवू नये. जुनी डिस्क घेताना लेबल खरवडलेलं असेल तर ती कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. आणि विकताना आपणच रिव्हर्ट करून द्यावी. सेवा केंद्रांना तर हे टाळून चालणारच नाही : २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेच्या हलगर्जीपणासाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि अर्जदारांच्या कागदांची जबाबदारी भंगारवाल्यावर ढकलता येत नाही.

पुढच्या आठवड्यात प्री-बूट नक्की. त्याआधी एक रिकामा पेनड्राइव्ह तयार ठेवावा, बायोसमधलं सिक्युअर बूट कुठे बंद होतं ते पाहून ठेवावं आणि आपल्या डिस्कच्या लेबलाचा फोटो आजच काढावा.