गाडी येईपर्यंत काय? दुबईतली मेट्रो, बस आणि अब्रा

मागच्या भागानंतर पुण्याहून नुकतंच दुबईत आलेल्या एका कुटुंबाचा प्रश्न आला : "लायसन्स मिळेपर्यंत आम्ही फिरायचं कसं?" प्रश्न साधा वाटतो, पण आमच्या घरात याच प्रश्नानं चार महिने खाल्ले होते. म्हणून आजचा भाग त्यावर.

आधी अडचण नीट समजून घ्या. भारतातलं लायसन्स इथे थेट बदलून मिळत नाही. टेस्ट द्यावी लागते, आणि बहुतेकांना त्याआधी ड्रायव्हिंग स्कूलचे तास भरावे लागतात. पहिल्याच फटक्यात पास होणारे मला फार भेटले नाहीत. कंपनी नवऱ्याच्या (किंवा बायकोच्या) येण्याजाण्याची सोय करते, आणि दुसरं माणूस घरात बसतं. मी २०१७ मध्ये आलो तेव्हा माझी बायको, जी पुण्यात दहा वर्षं स्कूटर चालवत होती, ती भाजी आणायलाही माझी वाट बघत बसायची. "मी इथे पाहुणी आहे का?" असं एकदा तिनं विचारलं. त्या शनिवारी आम्ही दोघं मेट्रो स्टेशनवर गेलो आणि तिचं नोल कार्ड काढलं.

नोल कार्ड म्हणजे दुबईच्या मेट्रो, ट्राम आणि बसची एकच चावी. साधं सिल्व्हर कार्ड २५ दिरहमला मिळतं, त्यात १९ दिरहम प्रवासासाठी असतात. गोल्ड कार्डाला भाडं दुप्पट, आणि बसायला वेगळा डबा. विद्यार्थ्यांसाठी नावाचं निळं कार्ड निघतं, त्यावर निम्मी सवलत मिळते. मुलं मोठी असतील तर ते आधी करा. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही.

भाडं स्टेशनं मोजून ठरत नाही, झोनवर ठरतं. सिल्व्हर कार्डावर एकाच झोनमध्ये ३ दिरहम, शेजारच्या झोनमध्ये गेलात तर ५, त्याहून पुढे ७.५०. आम्ही तेव्हा अल नहदाला राहायचो आणि माझं ऑफिस इंटरनेट सिटीला. हिरव्या लाइननं युनियन, तिथे बदलून लाल लाइन. ७.५० दिरहम आणि दारापासून दारापर्यंत साधारण सव्वा तास. एका गाडीतून उतरून अर्ध्या तासाच्या आत दुसरी पकडली तर तो एकच प्रवास धरला जातो. म्हणजे घराजवळून फीडर बस, मग मेट्रो, असं केलं तरी भाडं वेगवेगळं लागत नाही. अट एकच : बसमध्ये चढताना कार्ड टेकवायचं आणि उतरतानाही टेकवायचं. उतरताना विसरलात की जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. आपल्याला कंडक्टरची सवय, त्यामुळे पहिल्या महिन्यात हे हमखास होतं. बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

आता माझी फजिती. पहिल्याच आठवड्यात युनियनला गर्दीत शिरलो, फोनवर क्लायंटशी बोलत होतो, आणि उभा कुठे आहे याकडे लक्षच नव्हतं. पायाखाली गुलाबी पट्टा होता. गाडीच्या एका बाजूला बायका-मुलांसाठी राखीव भाग असतो, आणि मी त्या पट्ट्याच्या पलीकडे होतो. तपासनीस अतिशय नम्रपणे आले आणि १०० दिरहमची पावती देऊन गेले. "चुकून झालं हो" वगैरेला इथे जागा नाही. खाणं, पिणं, च्युइंगगम चघळणं यालाही तेवढाच दंड आहे. उन्हातून आल्यावर पाण्याचा घोट घ्यावासा वाटतो, तो फाटकाच्या आत जाण्यापूर्वी घ्या. बायकांनी त्या राखीव भागाचा उपयोग जरूर करावा. मुंबईच्या लेडीज डब्यात जशी ओळख होते तशी इथेही होते. माझ्या बायकोची इथली पहिली मराठी मैत्रीण तिथेच भेटली, डब्याच्या पिशवीवरून ओळखली म्हणे.

वेळेचं एक सांगतो. मेट्रो सोमवार ते शनिवार पहाटे ५ ला सुरू होते, रविवारी मात्र सकाळी ८ ला. २०२२ पासून इथली सुट्टी शनिवार-रविवार झाली, तेव्हापासून रविवारी भल्या पहाटे विमानतळ गाठायचा असेल तर मेट्रोच्या भरवशावर राहू नका. विमानतळाच्या टर्मिनल १ आणि ३ ला लाल लाइनचं स्टेशन आहे, टर्मिनल २ ला नाही. शिवाय मेट्रोत माणशी एक मोठी आणि एक लहान बॅग एवढंच सामान नेता येतं. भारतातून येताना आपल्या किती बॅगा असतात हे मी वेगळं सांगायला नको.

घर भाड्यानं घेताना एजंट "मेट्रोपासून दहा मिनिटं" म्हणतो. तुम्ही स्वतः चालून बघा, आणि शक्यतो दुपारी. जुलै-ऑगस्टमध्ये पाचशे मीटर म्हणजे पाचशे मीटर राहत नाहीत. शेख झायेद रोडची स्टेशनं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एसी पादचारी पुलानं जोडलेली आहेत, त्यामुळे ती पलीकडे असली तरी घाबरायचं कारण नाही. खरी अडचण पुलावरून उतरल्यानंतरच्या चालण्यात असते. इंटरनॅशनल सिटी, सिलिकॉन ओअॅसिस, अकॅडमिक सिटी या भागांत बरीच आपली मंडळी राहतात, पण तिथे मेट्रो अजून नाही. ब्लू लाइनचं काम सुरू आहे आणि ती ९ सप्टेंबर २०२९ ला उघडण्याचं ठरलंय. लाल लाइन ९ सप्टेंबर २००९ ला सुरू झाली, हिरवी ९ सप्टेंबर २०११ ला, तेव्हा नऊच्या आकड्यावर यांचं प्रेम जुनंच आहे.

बसचा स्वभाव मला एका फिलिपिनो सहकारी बाईंमुळे कळला. मनिलात त्यांच्याकडे जीपनी असते. दुसऱ्या महायुद्धानंतर मागे राहिलेल्या अमेरिकन जीपांपासून तिची सुरुवात झाली. समोरासमोर बाकं, रंगीबेरंगी, अगदी आमच्या कराडकडच्या वडापची चुलत बहीण. भाडं हातोहात ड्रायव्हरपर्यंत पोचवायचं, आणि उतरायचं असेल तेव्हा "पारा पो" म्हणून ओरडायचं, म्हणजे "थांबवा हो". बाई दुबईत आल्या तेव्हा पहिल्याच दिवशी "पारा" कुणाला म्हणायचं ते कळेना, खांबावरचं लाल बटण दाबायचं हे माहीत नव्हतं, आणि तीन थांबे पुढे गेल्या. मी त्यांना आपल्या एसटीचं "हात दाखवा, गाडी थांबवा" सांगितलं. इथे थांब्यापासून दहा पावलांवर हात दाखवला तरी बस थांबत नाही. आम्ही दोघं खूप हसलो, पण ज्यांना कुणीच सांगितलेलं नसतं ते पहिल्या महिन्यात रडकुंडीला येतात.

शारजात राहून दुबईत नोकरी करणाऱ्यांना 'कार लिफ्ट' हा शब्द पहिल्या दिवशीच ऐकू येतो. कुणीतरी महिन्याच्या बोलीवर स्वतःच्या गाडीतून चार-पाच जणांना नेतो. परवाना नसेल तर ते बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विम्याचं काय, हे कुणी बोलत नाही. स्वस्त आणि सोयीचं आहे हे मला मान्य आहे, तरी मी त्यात बसलो नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही. युनियनहून शारजाच्या जुबैल स्थानकाला ई३०३ बस जाते. संध्याकाळी रांग मोठी असते, पुस्तक बरोबर ठेवा. अबू धाबीला इब्न बतूताहून ई१०१ आहे. तिकडे पोचल्यावर शहरातल्या बससाठी हाफिलात नावाचं वेगळं कार्ड लागतं, नोल चालत नाही.

एमबीएत शिकलेलं गणित इथे कामी आलं. सिल्व्हरचा सर्व झोनचा ३० दिवसांचा पास ३५० दिरहमला पडतो. गाडी घेतल्यावर हप्ता आणि पेट्रोल सोडाच, नुसता सालिकचा टोल गर्दीच्या वेळी एका फाटकाला ६ दिरहम, जाताना आणि येताना. आमच्याकडे आता गाडी आहे. तरी बायको ऑफिसला मेट्रोनंच जाते.

आणि अब्रा. बर दुबईहून देऱ्याला खाडी ओलांडणारी लाकडी होडी, भाडं १ दिरहम, तेही रोख, नावाड्याच्या हातात. आई आली होती तेव्हा मेट्रोत ती गप्पच होती, ड्रायव्हर नाही म्हटल्यावर तर हँडल सोडेना. अब्रात बसल्यावर मात्र पदर खोचून पाण्यात हात घातला आणि कृष्णेच्या घाटावरच्या होडीच्या गोष्टी सुरू झाल्या. पलीकडे उतरल्यावर तिनं विचारलं, "परतीचं तिकीट काढलंस का?" मी म्हटलं, परतीलाही एकच दिरहम. ती म्हणाली, "मग बाजारात काय करायचंय? चल, अजून दोनदा जाऊन येऊ."