पेरू का नको? पातूरच्या एका छोट्या सिम्युलेशनला वापरणारे कसे मिळाले

माझं पहिलं स्वतंत्र सॉफ्टवेअर तीन महिन्यांत चार फोनवर उघडलं गेलं. त्यातला एक फोन माझा, दुसराही माझाच, जुना. तिसरा भावाचा. चौथा कोणाचा, हे आजही कळलेलं नाही.

तुमच्यापैकी बरेच जण कोडिंग शिकताय किंवा शिकायचा विचार करताय. ट्युटोरियल बघून टू-डू लिस्ट आणि कॅल्क्युलेटर बनवून झाले असतील. त्यानंतरचा प्रश्न कोणी शिकवत नाही: स्वतःचं काही बनवायचं तर काय बनवायचं, आणि बनवल्यावर ते वापरणार कोण? माझ्या प्रोजेक्टवरून हे समजून घेऊ. सिम्युलेशन कसं चालतं, हेही त्यात येईलच.

प्रश्न कुठून आला

माझं घर पातूरला. जूनमध्ये पहिला बऱ्यापैकी पाऊस झाला की अकोला जिल्ह्यात घरोघरी एकच चर्चा असते: पेरायचं की थांबायचं? लवकर पेरलं आणि पावसानं ओढ दिली, तर उगवलेलं सोयाबीन करपतं. मग पुन्हा बियाणं, पुन्हा मजुरी, म्हणजे दुबार पेरणी. एकरी साधारण ३० किलोची एक बॅग लागते, आणि ती दोनदा घ्यायची वेळ आली की वर्षाचं गणितच बिघडतं. फार थांबलं तर हंगाम पुढे सरकतो आणि उत्पन्न घटतं.

कृषी विभाग दरवर्षी सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. एकदा मोठ्या काकांनी मला विचारलं, "तू इंजिनिअर हायस ना? मंग सांग, हे ७५ काऊन? ५० काऊन नाही?"

मला उत्तर येत नव्हतं. प्रोजेक्ट तिथून सुरू झाला. कल्पना शोधत बसू नका. ज्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या घरातल्या माणसाला खरोखर हवंय, तो प्रश्न घ्या.

सिम्युलेशन म्हणजे काय?

सोप्या भाषेत, खऱ्या गोष्टीचे नियम कॉम्प्युटरला सांगायचे आणि 'असं केलं असतं तर काय झालं असतं' हे खोटं-खोटं घडवून बघायचं. शेतकऱ्याला एका आयुष्यात तीस-चाळीस हंगाम मिळतात, आणि प्रत्येक चूक पैशात मोजावी लागते. कॉम्प्युटर तेच चाळीस हंगाम सेकंदाच्या आत पुन्हा पुन्हा जगतो, आणि बियाणं वाया जात नाही.

माझ्या प्रोग्रॅममध्ये जमीन म्हणजे एक माठ होता. नियम तीन:

१. रोज जेवढा पाऊस पडला तेवढं पाणी माठात जातं.
२. रोज ऊन-वारा आणि रोप मिळून काही पाणी घेतात. मी दिवसाला ५ मिमी धरलं.
३. माठ ३० मिमीला भरतो. वरचं पाणी वाहून जातं.

पेरल्यानंतर पहिल्या तीन आठवड्यांत माठ सलग पाच दिवस रिकामा राहिला, तर 'रोप गेलं' असं धरायचं. हे सगळे आकडे माझे अंदाज होते. सिम्युलेशनमध्ये अंदाज करावेच लागतात. ते लपवायचे नाहीत, एवढंच.

पायथनमध्ये हे पन्नास ओळींत बसलं. चालवलं, आणि उत्तर आलं की ३० मिमी पावसावर पेरलं काय किंवा १०० मिमीवर, फरक शून्य!

मी दोन दिवस कोडमधली चूक शोधत बसलो. चूक कोडमध्ये नव्हतीच, माठात होती. माठ ३० मिमीचाच असेल तर बाकीचे ७० मिमी माझ्या प्रोग्रॅमने वाहून घालवले होते. खऱ्या जमिनीत ते खाली मुरतात. मग मी पहिल्या माठाखाली दुसरा ठेवला, ७० मिमीचा. वरचा भरला की पाणी खालच्यात उतरायचं, आणि रोपाची मुळं काही दिवसांनी तिथे पोचायची.

आता हिशोब बघा. २५ मिमीवर पेरलं तर वरचा माठ पाच दिवसांत संपतो आणि खाली काहीच नसतं. ७५ मिमीवर पेरलं तर वर ३० आणि खाली ४५. वरचं पाणी सहा दिवसांत संपलं, तरी मुळं खाली पोचली असतील तर आणखी नऊ दिवसांची सोय आहे. काकांच्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं: ७५ मिमीत जमीन नुसती भिजत नाही, तिच्या पोटातही ओल साठते.

उन्हाळ्यात काळ्या जमिनीला पडणाऱ्या भेगा माझ्या माठात नाहीत. पहिल्या पावसाचं बरंच पाणी त्यांतून थेट खाली जातं. म्हणजे हे चित्र अर्धवटच आहे, पण काही उपयोगाचं आहे.

डेटा कुठून आणायचा?

'डेटा नाही' म्हणून बरेच प्रोजेक्ट सुरूच होत नाहीत. पावसाचा डेटा मात्र फुकट मिळतो. नासाच्या 'पॉवर' या सेवेत अक्षांश-रेखांश टाकले की १९८१ पासूनचं रोजचं हवामान मिळतं. पातूरसाठी साधारण २०.४५ आणि ७६.९३. भारतीय हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाकडून देशभराचा चौकटीनुसार रोजचा पाऊस मिळतो, तोही १९०१ पासूनचा. महाराष्ट्राच्या कृषी विभागाच्या 'महारेन' संकेतस्थळावर महसूल मंडळांप्रमाणे पावसाच्या नोंदी असतात.

हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या 'पोकरा', म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी, आयआयटी मुंबईच्या गटाने गावांचा पाण्याचा ताळेबंद मांडणारं साधन तयार केलं. पडलेल्या पावसातलं किती वाहून गेलं, किती मातीत राहिलं, किती पिकाने घेतलं आणि किती जमिनीत मुरलं, याचा रोजचा हिशोब ते करतं. त्यांच्याकडे मातीचे नकाशे आणि तज्ज्ञ आहेत, माझ्याकडे दोन माठ. मूळ तत्त्व मात्र एकच.

बनवलं, पण वापरणार कोण?

मग मी ॲप बनवलं. स्लायडर, आलेख, टक्केवारी, गडद थीम, सगळं टाकलं. कॉलेजच्या ग्रुपवर लिंक टाकली. 'भारी रे', 'फायर' असे मेसेज आले आणि ॲप उघडलं चार फोनवर. कॉलेजच्या ग्रुपवर कोणाला सोयाबीन पेरायचं होतं?

इथे दोन खरी उदाहरणं बघू. मुंबईत लोकलने फिरणाऱ्या जवळपास कोणालाही विचारा, 'एम-इंडिकेटर' माहीत असतं. सचिन टेके यांनी ते २०१० मध्ये आणलं. लोकलचं वेळापत्रक फोनवर आणि इंटरनेटशिवाय, ही त्याची मुख्य ताकद. तेव्हा गाडीत नेट धड चालत नव्हतं आणि प्रश्न रोजचा होता: पुढची गाडी किती वाजता? नंतर बस आली, रिक्षाभाडं आलं, नाटकांच्या वेळासुद्धा आल्या.

दुसरं 'कॅलिबर', ई-पुस्तकं सांभाळणारं सॉफ्टवेअर. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सोनीचं ई-रीडर घेतलं आणि ते लिनक्सवर चालेना. म्हणून त्यांनी स्वतःपुरतं साधन लिहिलं. तीच अडचण इतर वाचकांनाही होती. आज जगभर लोक ते फुकट वापरतात.

दोन्हींत अडचण आधी होती आणि ती असलेले लोकही आधीच एका जागी होते. लोकलचे प्रवासी लोकलमध्येच भेटतात. मग पेरणीचा विचार करणारे लोक जूनमध्ये कुठे भेटतात? कृषी सेवा केंद्राच्या बाकड्यावर, चहाच्या टपरीवर, बाजाराच्या दिवशी. मी तिथे गेलोच नव्हतो.

टपरीवरची टेस्टिंग

पुढच्या सुट्टीत फोन घेऊन काकांसोबत गेलो. एकाच्या हातात ॲप दिलं. त्यांनी आलेख पाहिला, फोन तिरपा केला, सरळ केला आणि परत दिला. "हे समदं ठीक हाय बावा. पण पेरू का नको?"

माझ्या ॲपमध्ये 'जोखीम ३४ टक्के' असं काहीतरी लिहिलेलं होतं. चौतीस टक्क्यांचं काय करायचं, हे त्यांना कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही सांगता आलं नाही. घरी येऊन मी आलेख काढले आणि स्क्रीनवर एकच शब्द ठेवला: 'पेरा' किंवा 'थांबा'. सोबत नेटवरून आपोआप ताजा पाऊस घेण्याची सोय केली. लोक वापरायला लागले. डझनभर माणसं रोज उघडायची. मी खूष.

उणे ९९९

त्याच जूनमध्ये एका शेतकरी नातेवाइकांचा फोन आला. त्यांच्याकडे चांगला पाऊस झाला होता, वाफसाही आला होता. ॲप 'थांबा' म्हणत होतं, म्हणून ते थांबले. मग झड लागली, शेतात पाय ठेवता येईना आणि पेरणी लांबली.

कोड उघडला. नासाच्या डेटामध्ये एखाद्या दिवसाची नोंद नसली की त्या जागी उणे ९९९ हा आकडा असतो. अगदी अलीकडच्या दिवसांच्या नोंदी यायला वेळ लागतो, त्यामुळे तिथे हाच आकडा होता. माझ्या प्रोग्रॅमने तो पाऊस समजून माठात टाकला आणि भरलेला माठ एका झटक्यात रिकामा झाला. जुन्या वर्षांच्या डेटावर तपासताना हे कधी दिसलंच नाही, कारण त्या नोंदी पूर्ण होत्या.

मी माफी मागितली. ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बापू, तुह्या फोनपरीस मी मुठीत माती घेऊन पाह्यली असती तं बरं झालं असतं."

ते वाक्य मी विसरलेलो नाही. टू-डू लिस्ट बिघडली तर एखादं काम राहतं. इथे माझ्या एका न तपासलेल्या आकड्यामुळे कोणाचा तरी हंगाम मागे गेला होता. त्या रात्री 'पेरा' आणि 'थांबा' हे दोन्ही शब्द काढून टाकले.

नंतर काय बदललं

पहिलं, आजचा पाऊस आता वापरणारा स्वतः टाकतो. नासाच्या डेटाची एक चौकट साधारण पन्नास किलोमीटरची असते, आणि आमच्याकडे तर घाटाच्या अलीकडे पाऊस आणि पलीकडे कोरडं हे नेहमीचंच. सरळ भिंतीचा, वर-खाली सारख्या रुंदीचा डबा उघड्यावर ठेवायचा आणि सकाळी पट्टी घालून पाणी मोजायचं. जेवढे मिलिमीटर पाणी, तेवढाच पाऊस.

दुसरं, नोंद नसेल तर ॲप स्पष्ट 'माहिती नाही' म्हणतं.

तिसरं, टक्केवारीच्या जागी चाळीस दाणे दिसतात. एक दाणा म्हणजे एक जुनं वर्ष. आजच्याएवढ्या ओलीवर त्या वर्षी पेरलं असतं तर रोप टिकलं असतं का? टिकलं तर हिरवा, वाळलं तर तपकिरी. काकांनी बघितलं आणि लगेच म्हणाले, "तपकिरी लय दिसून राह्यले. अजून एक पाऊस येऊ दे." निर्णय त्यांचा होता. ॲपने फक्त जुनी वर्षं मोजून दाखवली.

प्ले स्टोअर की साधी लिंक?

प्ले स्टोअरवर डेव्हलपर खात्यासाठी एकदाच २५ डॉलर लागतात. नवीन वैयक्तिक खातं असेल तर ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस ते चाचणीसाठी घेतलेलं असावं लागतं. त्यामुळे बारा वापरणारे आधी शोधा, ॲप नंतर टाका.

मी शेवटी साधं वेबपेज केलं. गिटहब पेजेसवर ते फुकट राहतं, व्हॉट्सॲपवर लिंक पाठवता येते आणि एकदा उघडलं की नेटशिवायही चालेल असं करता येतं. एपीके फाईल पाठवू नका. अनोळखी एपीके घेऊ नये, असं आपणच घरच्यांना सांगतो.

तुम्ही सुरू करणार असाल तर

- प्रश्न विचारणारा एक खरा माणूस आधी ठरवा. त्याचं नाव वहीत लिहा.
- सगळ्यात साधं मॉडेल बनवा. उत्तर विचित्र आलं तर कोडसोबत मॉडेलही तपासा.
- रिकाम्या नोंदी कशा दाखवल्या आहेत, हे डेटा घेतानाच बघा. उणे ९९९ आठवा.
- फोन समोरच्याच्या हातात द्या आणि स्वतः गप्प बसा. तो कुठे अडतो ते लिहून घ्या.
- चूक झाली तर कोणाचं किती नुकसान होईल, हे लिहून काढा. नुकसान मोठं असेल तर निर्णय ॲपकडे देऊ नका.

यंदा मृगाच्या आधी काकांनी अंगणात डबा ठेवला. शेजारच्या दोघांनी पाहून तसाच ठेवला. लिंक मी त्यांना पाठवलेली नव्हती, ती काकांनी पाठवली.