बोटभर सैनिकाचा हिशेब

दिवाळीच्या किल्ल्यावर मातीचे मावळे मांडत मोठा झालेला माणूस 'वॉरहॅमर' या टेबलावरच्या युद्धखेळाच्या डब्याची किंमत ऐकून हसेल. जेमतेम तीन सेंटिमीटरचे प्लॅस्टिकचे सैनिक, तेही सुटे भाग. चिकटवायचे आपण, रंगवायचे आपण, आणि दहा जणांच्या तुकडीला मोजायचे तीस-चाळीस पौंड! या धंद्याबद्दलचे बरेचसे गैरसमज त्या हसण्यातच आहेत.

गैरसमज : पोरखेळ तो, त्यात धंदा कसला?

'वॉरहॅमर' बनवणारी नॉटिंगहॅमची गेम्स वर्कशॉप 1994 पासून लंडनच्या शेअर बाजारात आहे. डिसेंबर 2024 मध्ये ती तिथल्या बड्या शंभर कंपन्यांच्या 'एफटीएसई 100' निर्देशांकात गेली. 2024-25 मधलं तिचं उत्पन्न सुमारे 61 कोटी 75 लाख पौंड, करपूर्व नफा 26 कोटींच्या वर. म्हणजे शंभर पौंडांमागे बेचाळीस.

गैरसमज : प्लॅस्टिक स्वस्त, म्हणजे ही लूटच.

प्लॅस्टिक स्वस्त आहेच. पण भोसरी-चाकणच्या कुठल्याही मोल्डिंगवाल्याला विचारा, पैसा डायमध्ये, म्हणजे साच्यात जातो. सैनिक संगणकावर घडतो. मग त्याचे हात, डोकं, तलवार अशा बेताने सुटे करावे लागतात की पोलादी साच्यातून प्रत्येक भाग न अडकता निघावा. हा सगळा खर्च पहिला डबा विकण्याआधीचा. माल खपला नाही तर डाय अंगावर पडते. खपला तर पुढचा प्रत्येक नग फार थोड्या खर्चात निघतो. एवढी उडी न झेपणारे छोटे उत्पादक धातू किंवा रेझिन ओततात. त्यांचा रबरी साचा स्वस्त, पण लवकर झिजणारा.

काही जण किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर आधीच पैसे गोळा करतात. 2012 मध्ये अमेरिकेच्या रीपर मिनिएचर्सने 'बोन्स' मालिकेसाठी 30 लाख डॉलरहून जास्त जमवले. लोकांना हा आकडा कमाई वाटतो. खरं तर ती उचल. तेवढा माल बनवून घरोघरी पोचवायची देणेदारी.

तरीही बेचाळीस टक्के नफा नुसत्या डायच्या खर्चाने समजावता येत नाही, हेही कबूल करायला हवं. सैनिक त्यांचे, नियमांची पुस्तकं त्यांची, त्या जगाच्या कथाही त्यांच्याच. जगभर पाचशेहून अधिक दुकानंही त्यांचीच. बहुतेक ठिकाणी गल्ल्यावर बसणारा आणि नवख्याच्या हातात ब्रश देणारा माणूस एकच. महाग वाटलं तरी तेच सैनिक दुसरीकडून आणता येत नाहीत. माझ्या मते किंमत तिथे ठरते.

गैरसमज : हे सगळं चीनहून येतं.

सैनिक नॉटिंगहॅमलाच बनतात.

गैरसमज : खरी कमाई व्हिडिओ गेम आणि सिनेमाची.

'स्पेस मरीन 2' हा व्हिडिओ गेम गाजला त्याच 2024-25 मध्ये 'वॉरहॅमर'चं जग इतरांना वापरू देण्याच्या परवान्यांतून आले सुमारे 5 कोटी 25 लाख पौंड, एकूण उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. शिवाय पडद्यावरची लाट ओसरली की काय होतं, हे कंपनीने भोगलंय. 2001 पासून 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या सिनेमांबरोबर त्या पात्रांच्या मूर्ती तुफान खपल्या. सिनेमे संपले, खप घसरला आणि 2007 मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात गेम्स वर्कशॉप तोट्यात गेली.