अटक वॉरंट प्रलंबित असेल तर

द्राक्षाचा हंगाम सुरू झाला म्हणजे नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील सुरगाणा, पेठ या आदिवासी तालुक्यांतील अनेक घरांना कुलपे लागतात. माणसे दिंडोरी, निफाडच्या बागांवर कामाला जातात ती हंगाम सरेपर्यंत परतत नाहीत. याच काळात एखाद्याच्या नावे न्यायालयाचे समन्स आले, तर ते घेण्यास घरी कोणी नसते. समन्सची प्रत दारावर चिकटविली जाते, वाऱ्याने ती उडून जाते, नेमलेली तारीख टळते आणि न्यायालय वॉरंट काढते. मग आरोप कितीही किरकोळ असो, पोलिसांची गाडी दिसली की तो माणूस बांधाआड होतो.

बागाईतदाराची गोष्ट फारशी निराळी नाही. खते-औषधांच्या दुकानदारास दिलेला धनादेश वटला नाही आणि पराक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली खटला उभा राहिला. पहिल्या तारखेस जाऊन त्याने जामीन दिला. पुढच्या एका तारखेस बागेची छाटणी होती, त्याच्या पुढच्या तारखेस घरात लग्न होते. वकिलाची गाठ पडली नाही, आणि एके सकाळी पोलीस शिपाई दाराशी उभा राहिला.

अशा वेळी सर्वत्र एकच समजूत आढळते: काही दिवस बाहेरगावी राहिले की वॉरंट जुने होते व विसरले जाते. ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ ऐवजी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ अंमलात आली. तिच्या कलम ७२ प्रमाणे अटकेचे वॉरंट लेखी असावे लागते, त्यावर न्यायाधीशांची सही आणि न्यायालयाचा शिक्का असावा लागतो. ते बजावले जाईपर्यंत, किंवा ज्या न्यायालयाने काढले त्याने ते रद्द करीपर्यंत अंमलात राहते. जुन्या संहितेतही हीच तरतूद होती. पाच वर्षांपूर्वीचे वॉरंटदेखील म्हणूनच जिवंत असते. पोलीस ठाण्यात विनवणी करून किंवा मध्यस्थाच्या हाती पैसे ठेवून ते रद्द होत नाही, कारण रद्द करण्याचा अधिकार ठाणे अंमलदारास नसतोच.

‘अजामीनपात्र’ या शब्दाने तर अर्धे लोक खचून जातात. वस्तुतः वॉरंट अजामीनपात्र असणे आणि गुन्हा अजामीनपात्र असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जामीनपात्र वॉरंटावर न्यायालयाने रक्कम लिहिलेली असते आणि तेवढ्या रकमेचे बंधपत्र व जामीनदार घेऊन पोलीस त्या व्यक्तीस सोडू शकतात. अजामीनपात्र वॉरंटात ही मुभा पोलिसांना नसते. अटक केलेल्यास न्यायालयापुढे न्यावे लागते. धनादेशाच्या खटल्यासारख्या जामीनपात्र गुन्ह्यातही वारंवार गैरहजर राहणाऱ्याविरुद्ध असे वॉरंट निघते. तथापि एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पूर्वी दिलेल्या जामिनाची शर्त मोडून जो गैरहजर राहिला, त्यास जामीनपात्र गुन्ह्यातही पुन्हा जामीन नाकारण्याचा अधिकार न्यायालयास आहे. शिवाय बंधपत्राची रक्कम जप्त होऊ शकते आणि ज्या शेजाऱ्याने सात-बारा उतारा देऊन जामीन घेतला, त्याच्या दारी नोटीस जाते. गावात वैर निर्माण होते ते बहुधा येथून.

वकिलाचे काम सुरू होते ते नेमके याच ठिकाणी. वकीलपत्र दाखल झाल्यावर वकील प्रथम खटल्याचा रोजनामा पाहतो. वॉरंट कोणत्या तारखेस निघाले, समन्सची बजावणी खरोखर झाली होती काय, जुना जामीन कायम आहे की रद्द झाला, खटला कोणत्या टप्प्यावर आहे, हे सर्व त्यातून कळते. खटल्याचा सोळा अंकी सी.एन.आर. क्रमांक हाताशी असल्यास पुढील तारीख व टप्पा यांची माहिती ई-कोर्ट्स सेवेवरही मिळते. त्यानंतर वॉरंट रद्द करण्याचा अर्ज तयार होतो. त्यात गैरहजेरीचे कारण खरे आणि पुराव्यासह असावे. रुग्णालयाची कागदपत्रे असल्यास ती जोडावीत. नसतील तर आजारपणाची बतावणी करू नये. ‘मजुरीसाठी बाहेर होतो, समन्स मिळाले नाही’ हे साधे सत्य न्यायालयास समजते. अर्जाच्या वेळी आरोपीने स्वतः हजर राहणे इष्ट, किंबहुना बहुतेक ठिकाणी आवश्यकच असते. दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकून न्यायालय वॉरंट रद्द करते, खर्चाची रक्कम भरावयास सांगते, कधी नवा जामीनदार मागते. गैरहजेरी फार लांबलेली असेल तर कोठडीची शक्यताही नाकारता येत नाही. ती शक्यता किती, हे वकिलाने आधीच स्पष्ट सांगावे आणि पक्षकारानेही विचारून घ्यावे. परंतु आपण होऊन आलेला माणूस आणि पकडून आणलेला माणूस यांच्याकडे न्यायालय एकाच नजरेने पाहत नाही, हा सर्वांचा अनुभव आहे. पुढे प्रत्येक तारखेस येणे अशक्य असेल, तर वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज करता येतो. त्याची सोय कलम २२८ व ३५५ मध्ये आहे.

वॉरंट रद्द झाले म्हणजे काम संपले असे मात्र नाही. मुंबईतील एका वकिलाविरुद्धचे वॉरंट २००२ साली न्यायालयाने रद्द केले होते, तरीही पोलीस निरीक्षकाने त्यास अटक केली. उच्च न्यायालयाने त्या निरीक्षकास २,००० रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ९ सप्टेंबर २०११ च्या निकालात अजामीनपात्र वॉरंटांविषयी सविस्तर सूचना देण्यात आल्या. न्यायालयात व पोलीस ठाण्यात वॉरंटांची नोंदवही ठेवावी, वॉरंट रद्द झाल्यास ते बजावणी न करता परत मागवावे आणि रद्द केल्याच्या आदेशाची प्रत आरोपीसही द्यावी, असे त्यात म्हटले आहे. नाशिकच्या जिल्हा न्यायालयात सकाळी वॉरंट रद्द झाले, तरी ती बातमी दूरच्या ठाण्यात त्याच सायंकाळी पोहोचेलच असे नाही. म्हणून आदेशाची प्रमाणित प्रत घेऊन ती ठाण्यात देणे, पोच घेणे आणि एक प्रत काही दिवस खिशात बाळगणे हितावह ठरते.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून दडून राहण्याचे कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. सुरगाणा, पेठच्या बहुसंख्य मजुरांना हा हक्क आहेच. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय नाशिकच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे, तालुका न्यायालयांत समित्या आहेत आणि १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करूनही माहिती मिळते. धनादेशासारखे तडजोडयोग्य खटले लोकअदालतीत मिटू शकतात.

गावपातळीवरील मंडळींसाठी दोन तरतुदी विशेष महत्त्वाच्या आहेत. पूर्वी समन्स घरातील प्रौढ पुरुषाकडेच देता येत असे. नव्या संहितेत ‘पुरुष’ हा शब्द गळला असून घरातील प्रौढ स्त्रीनेही समन्स स्वीकारले, तर ते बजावले गेले असे मानले जाते. घरधनी कामावर असताना पत्नीने किंवा आईने सही केलेला कागद फडताळात पडून राहू नये, हे बचत गटाच्या बैठकीत सांगण्यासारखे आहे.

दुसरी तरतूद जाहीरनाम्याची. वॉरंट चुकविण्यासाठी माणूस फरारी झाला अशी न्यायालयाची खात्री पटली, तर कलम ८४ अन्वये जाहीरनामा निघतो, तो गावात ठळक ठिकाणी वाचला जातो व घरावर लावला जातो. हजर होण्यासाठी निदान ३० दिवसांची मुदत असते. ती ओलांडल्यास मालमत्तेची जप्ती होऊ शकते आणि गैरहजेरी हाच भारतीय न्याय संहितेच्या कलम २०९ खाली तीन वर्षांपर्यंत कैदेस पात्र असा स्वतंत्र गुन्हा ठरतो. जाहीरनामा वाचला जाताना सरपंच, पोलीस पाटील, शिक्षक बहुधा तेथे असतातच. त्या माणसाचा ठावठिकाणा, तो कोणत्या बागेवर कामास आहे, हे त्यांना किंवा त्यांच्या ओळखीच्या कोणास तरी ठाऊक असते. विधी सेवा समितीकडे द्यावयाचा अर्ज साध्या कागदावर चालतो आणि तो लिहून देण्यास तासभरही लागत नाही.